हद्दीवर लावलेली पांढरी फुलं

पांढरी फुलझाडं कशी लावावीत हे मला माहीत आहे, आणि कुणी विचारलं नाही तरी मी सांगते. जागा उन्हाची हवी. पावसाचं पाणी मुळाशी घटकाभरही थांबता कामा नये. आणि झाड असं निवडावं की आपण चार दिवस माहेरी गेलो तर ते रुसून मरणार नाही. तगर, कुंद, पांढरी कोरांटी, पांढरी सदाफुली, निशिगंध. एवढं सांगून झालं की मी आणखी एक गोष्ट बजावते, आणि ती ऐकून लोक हसतात: लावायच्या आधी ती जागा कुणाच्या वाटेत येते का ते बघा. हसणाऱ्यांना आमच्या घरी काय झालं ते ठाऊक नसतं.

मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची असेन. तीस सालच्या थोडं अलीकडे-पलीकडे. रत्नागिरीत बंदरावरून चढण चढून आलं की आमची दोन घरं होती, एक आमचं आणि एक थोरल्या काकांचं. मध्ये जांभ्या दगडांचा गडगा, म्हणजे चुना-माती न वापरता दगडावर दगड ठेवून रचलेली बुटकी भिंत. तो गडगा इतका ढासळला होता की कोंबडीसुद्धा पंख न हलवता पलीकडे जायची. आमची मिरची त्यांच्या पाट्यावर वाटली जाई, त्यांचे पापड आमच्या अंगणात वाळत. काका-काकींना मूल नव्हतं, त्यामुळे मी दोन्ही घरांची. एका घरी ओरडा बसला की दुसऱ्या घरी जाऊन जेवायचं, हा माझा नेम होता.

काका बोटीवर होते. खलाशी म्हणून लागले ते चढत चढत टंडेल झाले. टंडेल म्हणजे खलाशांचा मुकादम. वर्ष-दीड वर्ष दर्यावर आणि मग दोन-तीन महिने घरी, असं त्यांचं आयुष्य. घरी असले की रोज सकाळी गडगा ओलांडून आमच्या पडवीत येत, बशीत ओतून चहा पीत, आणि बाबा कचेरीत जायच्या आधी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवीत. काकांना अक्षरओळख नव्हती. धाकट्या भावाने वाचलेली प्रत्येक बातमी ते अशा कौतुकाने ऐकत की वाटावं, ती बाबांनीच घडवून आणली आहे.

काकांच्या बोटीवरच्या कमाईतून बाबा शिकले होते. काका हे कधी बोलून दाखवत नसत, बाबाच दाखवत. "दादा दर्यावर गेला म्हणून मला इंग्रजी आलं," हे वाक्य मी शंभरदा तरी ऐकलं असेन. ते मोजणी कचेरीत कारकून होते आणि कचेरीची भाषा त्यांच्या अंगातून घरीही उतरत नसे. भात करपला तर "सदरहू भात कोणी लावला?" असं विचारायचे. आई म्हणे, "ह्यांना झोपेत शिंक आली तरी अर्ज लिहून मग शिंकतील." पण त्यांच्या इंग्रजीचा तिलाही अभिमान होता. वाडीत कुणाला इंग्रजी कागद आला की तो आमच्या पडवीत यायचा आणि बाबा चष्मा पुसून तो वाचायचे. तेवढा वेळ आई मुद्दाम दारात उभी राही.

एकदा बदली होऊन निघालेल्या एका गोऱ्या साहेबाच्या सामानाचा लिलाव झाला. लोकांनी खुर्च्या घेतल्या, दिवे घेतले. बाबांनी घेतलं बागकामाचं एक पुस्तक, तेही कोपरा वाळवीने खाल्लेलं. आई कपाळाला हात लावून बसली. पण त्या पुस्तकात एक रंगीत चित्र होतं. दगडी भिंत, आणि भिंतीच्या पायाशी नुसती पांढऱ्या फुलांची झाडं; मागे उंच, मध्ये मध्यम, पुढे बुटकी. बाबा ते चित्र पुन्हा पुन्हा बघत. मला म्हणाले, "दादाने विलायतेत असली घरं बघितलीत. पण रस्त्यावरून. खलाशाला आत कोण घेणार?" मग म्हणाले, "आता गेलाय ती त्याची शेवटची खेप. परत येईल तो कायमचा. तेव्हा हे आपल्याकडे फुललेलं असलं पाहिजे."

झालं. त्या दिवसापासून कचेरीतून आले की पुस्तक एका मांडीवर आणि इंग्रजी-मराठी कोश दुसऱ्या मांडीवर. पुस्तकाच्या कडेला लाल शाईने ते एकेका शब्दाचा अर्थ लिहीत. 'हार्डी' म्हणजे काटक. 'पेरेनियल' म्हणजे कायमचे, बारमाही. 'वेल-ड्रेन्ड' म्हणजे उत्तम निचऱ्याचे. आणि पानापानावर एक शब्द पुन्हा पुन्हा येत होता: 'बॉर्डर'. झाडं बॉर्डरमध्ये लावा, बॉर्डर उन्हाची निवडा, बॉर्डर पावसाआधी खणून ठेवा. कोशात त्या शब्दाला पहिलाच अर्थ होता हद्द. पुढे वाचायची बाबांना गरज वाटली नाही. सबंध दिवस ते कचेरीत दुसरं करत काय होते? हद्दीचे नकाशे, हद्दीचे दगड, हद्दीच्या तक्रारी. शिवाय चित्रात भिंत दिसतच होती.

"साहेब लोक फुलं हद्दीवर लावतात," त्यांनी आईला सांगितलं.

"लावतील. अख्खा मुलूखच त्यांचा, त्यांच्याशी हद्दीवरून कोन भांडायला येणार?" आई म्हणाली.

आमच्याकडे हद्दीवर झाड लावणं ही साधी गोष्ट नव्हे. शेराचं किंवा निवडुंगाचं कुंपण घालतात ते वाटण्या झाल्यावर, भावाभावांची तोंडं फिरल्यावर. ज्याने हद्दीवर झाड लावलं त्याने 'इथपर्यंत माझं' असं म्हटलं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मोजणी कचेरीतल्या माणसाला तर ते आधी कळायला हवं होतं. पण बाबांच्या डोळ्यांसमोर ते चित्र होतं आणि चित्राच्या पलीकडचं त्यांना काही दिसत नव्हतं.

पुस्तकातलं एकही झाड आपल्याकडे होण्यासारखं नव्हतं. तेव्हा बाबांनी तीन अटींचा कागद केला: पांढरं, काटक, कायमचं. आणि तो खिशात घालून ते गावभर हिंडले. तगरीच्या फांद्या देवळाच्या आवारातून आल्या, कुंद एका भटजींच्या परसातून, कोरांटी शाळेच्या कुंपणातून. पांढरी सदाफुली गोऱ्यांच्या कबरस्तानाच्या कडेला मिळाली. "मसणातलं झाड दारात?" म्हणून आईने दोन दिवस अबोला धरला. बाबा म्हणाले, "तिथे कुणी पाणी घालत नाही, तरी जगलंय. याहून काटक काय पाहिजे?" अनंताची मात्र त्यांनी हौसेने रोपं आणली आणि ती भर उन्हात पंधरा दिवसांत वाळून गेली. त्यांनी कागदावर त्याच्यापुढे 'नामंजूर' असं लिहिलं.

गडग्याच्या कडेला वीतभर मातीखाली कातळ. पहारीने तो फोडून बाबांनी ओळीने खड्डे घेतले. तळाशी जांभ्याचे तुकडे, वर शेणखत, राख, आणि भाताच्या खाचरातून डोक्यावर आणलेली माती. ती माती मीही आणली आहे. माझ्या टाळूला अजून आठवतं. जागा खरोखर उत्तम निघाली. बाकी सगळीकडे माडांची आणि फणसांची सावली, इथे सकाळपासून ऊन. आषाढात आमच्या अंगणात होडी चालावी इतकं पाणी साचायचं, पण गडग्याकडचा भाग उंच, पाणी दगडांतून पार निघून जायचं. उन्हाळ्यात तेच उलटायचं. घातलेलं पाणी दिसेनासं व्हायचं. मग आम्ही पातेरा, म्हणजे झाडांखालचा वाळका पाला, वीतभर जाड पसरायचो आणि भांडी घासलेलं पाणी जपून तिकडे न्यायचो. पुढे मी माझ्या सासरी जे काही लावलं ते सगळं याच खड्ड्यांवरून शिकून.

पहिल्या वर्षी झाडं नुसतीच जगली. दुसऱ्या वर्षी गणपती उठले आणि तगर अंगभर फुलली. निशिगंधाच्या छड्या वर आल्या, सदाफुली तर बारा महिने चालूच होती, आणि कोरांटीला कळ्या धरल्या. गडग्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरी रांग, मागे उंच, पुढे बुटकी, थेट चित्रासारखी. वाडीतल्या बायका बघायला यायच्या. बाबा त्यांना पुस्तक दाखवायचे आणि काय काय इंग्रजीत लिहिलंय ते सांगायचे. मला त्या दिवसांत बाबा फार आवडायचे.

पावसाळ्यात बंद असलेलं बंदर उघडल्यावर काका आले. आगबोट बाहेर थांबली, पडावातून, म्हणजे लहान होड्यांतून, उतारू धक्क्यावर आले. बाबा धक्क्यावर गेले नाहीत. धुतलेला कोट घालून ते रांगेपाशीच उभे राहिले, कारण काकांनी झाडं आणि आपल्याला एकदमच बघावं असं त्यांच्या मनात होतं. हमालाच्या डोक्यावर ट्रंक देऊन काका पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, चढून आले आणि थबकले. या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांनी रांग नीट बघितली.

"हे तू लावलंस?"

"होय दादा. मुद्दाम लावलंय."

"सरळ आलंय."

"दोरी धरून, मोजून घेतलं."

"बरं केलंस," काका म्हणाले, आणि हमालाला हाक मारून वळसा घालून पाखाडीने आपल्या घरी गेले.

दुसऱ्या सकाळी आईने काकांची बशी काढून ठेवली. काका आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. बाबा वर्तमानपत्र हातात घेऊन बसायचे, वेळ झाली की ते घडी करून कचेरीत जायचे. आठ दिवसांनी म्हणाले, "विलायत बघून आलेला माणूस. त्याला आपल्या तगरीचं काय कौतुक!" त्यांनाही लागलं होतं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, अशी गत. पण मारुती का झाला ते त्यांना कळेना आणि विचारायला जायचं तर मान आड येत होता.

मी एकदा सवयीने रांगेतून उडी मारली आणि कोरांटीची एक फांदी मोडली. काका त्यांच्या ओट्यावर काथ्या वळत बसले होते. "पाखाडीनं येत जा गो बाय," ते म्हणाले. "तुझ्या बापानं लावलेली झाडं हायत. मोडू नयेत." इतक्या हळू बोलले की मला रागावल्यापेक्षा वाईट वाटलं. मी घरी येऊन बाबांवरच चिडले. त्यांनी मला कोरांटीबद्दल दोन शब्द ऐकवले.

दिवाळी गेली. भाऊबीजेला माझी आत्या आली, तिला दोन भावांना दोन वेगळ्या ओट्यांवर ओवाळावं लागलं. ती जाताना डोळे पुसत गेली, आणि बाबा आठवडाभर नीट जेवले नाहीत.

शेवटी काकी विहिरीवर बोलली. मी घागरी धरून तिथेच उभी होते. आईने दोर सोडला आणि सरळ विचारलं, "आमचं भावजींपाशी काय चुकलं, ते एकदा सांगा तरी."

काकीने पदर तोंडाला लावला. म्हणाली, "तुमचं पत्र गेलं नाय का बोटीवर? कुना पोरानं त्यांना वाचून दाखवलं. घराचे हद्दीवर कायमची झाडे लावून घेतली आहेत, आपण येऊन पाहावे. तवापासून झोप नाय त्यांना. सा महिने दर्यावर तेच डोक्यात. म्हणतात, मला ना पोर ना बाळ. माझ्यामागं सगळं त्याचंच हाय. मग मी जिता असताना मध्ये ही रेघ कशाला मारली?"

आईच्या हातातला दोर सुटला आणि घागर विहिरीत गेली. ती काढायला आम्हांला गळ टाकावा लागला.

संध्याकाळी आईने बाबांना सगळं सांगितलं. बाबा आधी हसले. "हद्दीवर नाही तर कुठे लावणार? पुस्तकात लिहिलंय!" म्हणाले आणि पुस्तक आणि कोश दोन्ही घेऊन आले. बॉर्डर या शब्दावर बोट ठेवून त्यांनी मोठ्याने वाचलं, "हद्द."

"पुढे काय हाय?" आईने विचारलं.

"सीमा. मेर."

"त्याच्यापुढे?"

बाबांनी बोट पुढच्या ओळीवर सरकवलं. मग म्हणाले, "काठ. किनार."

"लुगड्याला असतो तो?"

"तोच."

आईला इंग्रजीचा गंध नव्हता. तिने पुस्तक ओढून ते चित्र बघितलं. म्हणाली, "अहो, ही घराचीच भिंत आहे. ही बघा खिडकी. घराला काठ लावावा तशी फुलं लावलीत त्यांनी. चार अर्थ दिले होते, त्यातला भांडणाचा तेवढा तुम्ही उचललात!" पेशवाईत ध चा मा झाला म्हणतात, आमच्या घरी काठाची हद्द झाली. खिडकी तिथे होतीच. वेलीत अर्धी लपलेली होती, पण होती. आम्ही सगळ्यांनी ते चित्र दोन वर्षं बघितलं होतं.

मला वाटलं, आता बाबा उठतील आणि तडक काकांकडे जातील. ते गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी गेले नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाहीत. मी आईपाशी धुसफुसले, तेव्हा तिने मला समजावलं. हद्द आखायची नव्हती, चूक झाली, एवढं सांगणं सोपं होतं. पण चूक कशी झाली तेही सांगावं लागणार होतं. ज्या इंग्रजीसाठी भावाने आपली सगळी उमर दर्यावर घालवली, ते आपल्याला पुरतं आलंच नाही, हे त्या भावाच्या तोंडावर म्हणायचं होतं. "त्यांना त्यापेक्षा फाशी बरी वाटेल," आई म्हणाली.

चौथ्या दिवशी पहाटे बाबांनी पहार घेतली आणि तगरीच्या मुळाशी लावली. आई धावली. "उपटलीत तर भावजी म्हणतील, चोरी पकडली म्हणून उपटली. झाडांनी काय केलंय तुमचं?" बाबांनी पहार टाकली. तोंड धुतलं, कोट घातला आणि परत काढून ठेवला. मग कोश आणि पुस्तक माझ्या हातात देऊन म्हणाले, "चल माझ्याबरोबर." मला वाटतं त्यांना एकट्याने जायचा धीर नव्हता.

आम्ही पाखाडीने वळसा घालून गेलो. काका ओट्यावर होते. बाबा पायरीवर बसले आणि त्यांनी आधी हवापाण्याची गोष्ट काढली, मग आंब्याच्या मोहराची. ताकाला जाऊन भांडं लपवावं तसं बराच वेळ चाललं. काका हूं हूं करत काथ्या वळत होते. मला राहवलं नाही. मी पुस्तक उघडून ते चित्र त्यांच्यापुढे धरलं आणि म्हटलं, "काका, बाबांना हे तुमच्यासाठी करायचं होतं."

काकांनी हात पुसून पुस्तक घेतलं. चित्र बघितलं. गडग्याकडे बघितलं. पुन्हा चित्र बघितलं.

"दादा," बाबा म्हणाले, आणि त्यांचं कचेरीचं मराठी कुठल्या कुठे गेलं, "मला इंग्रजी येत नाय. कचेरीपुरतं येतं. त्या पुस्तकात एक शब्द होता, तो मी चुकीचा वाचला. काठ होता, मी हद्द वाचली. म्हणून झाडं तिथं लावली. तू माझ्यासाठी इतकी वर्षं बोटीवर काढलीस आणि मला एक शब्द धड वाचता आला नाय."

काकांनी पुस्तक मिटून ओट्यावर ठेवलं. काका हसतील, रागावतील, नाहीतर उठून आत जातील असं मला वाटत होतं.

"इंग्रजीसाठी कोन गेला होता रे?" काका म्हणाले. "तुला पानी बघितलं की कापरं भरायचं. गुडघाभर पान्यात उभा केला तर माझी मान सोडायचा नायस. आई म्हनायची, ह्या पोराला दर्यावर धाडला तर ह्यो परत यायचा नाय. मग घरातल्या एकाला तर जायाला हवंच होतं. तू बोटीवर येऊ नयेस म्हणून तुला शाळेत घातला. तिथं ते काय शिकवत होते, ते मी कधी विचारलं तरी का?"

बाबांनी तोंड दोन्ही हातांनी झाकून घेतलं. चाळिशीचा माणूस, मोजणी कचेरीतला कारकून, माझ्यासमोर हमसून हमसून रडला. काकांनी त्यांना गप्प केलं नाही. ते पायरी उतरून त्यांच्या शेजारी येऊन बसले आणि त्यांच्या मानेवर हात ठेवून बसून राहिले.